माझं दुखणं आणि आंब्यावरचा थ्रिप्स

आषाढी कोकणातल्या शेतकऱ्याच्या सोयीची कधीच नव्हती. लावणी सोडून पंढरीला कोण जाणार? आमच्या गावचे माळकरी कार्तिकीला जातात, आणि बाकीच्यांची पायी वारी महाशिवरात्रीला देवगडजवळ समुद्रकाठच्या कुणकेश्वरची. त्यातही गावचा देव दरवर्षी निघत नाही. कौल लागतो. काही गावांच्या देवस्वाऱ्या तर कित्येक वर्षांनी एकदा समुद्रस्नानाला बाहेर पडतात. यंदा आमच्या देवाने कौल दिला, आणि मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात तसे रजा टाकून हजर झाले.

मीही चालणार म्हटल्यावर घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला स्तनाचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलेला, चौथ्या स्टेजचा. हा बरा होत नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. माझी एक गोळी 21 दिवस घ्यायची आणि 7 दिवस बंद ठेवायची असते, कारण तिच्याने पांढऱ्या पेशी खाली येतात आणि सुट्टीच्या आठवड्यात त्या परत वर चढतात. शिवरात्र नेमकी त्या आठवड्यात आली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, चाला. पण वजन उचलायचं नाही, गर्दीत मास्क काढायचा नाही, आणि दमलात की निमूट गाडीत बसायचं.

नवस फेडायला निघाल्येस का, असं प्रत्येकाने विचारलं. माझा नवस नव्हता. माझ्या नावाने आईचे, नणंदेचे, शेजारच्या काकींचे इतके आहेत की मी आणखी एक बोलले तर देवालाच वही घालावी लागेल.

पहाटे काळोखात देवळासमोर सगळे जमले. गावकारांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. चालणाऱ्यांच्या पायाला काटा लागू नये, होड्या सुखरूप परत याव्यात, कोणाची तरी कोर्टातली तारीख एकदाची संपावी. प्रत्येक वाक्याला सगळ्यांचं दणदणीत "होय म्हाराजा!" मग आंब्यावरच्या किडीचं आलं, "आंब्यार जो काय थ्रिप्स इलो हा, तो खयच्या खय घालव रे म्हाराजा." होय म्हाराजा! आणि त्याच दमात, "ह्या आमच्या सुनेच्या अंगात जा काय दुखणा आसा, ता सात समुद्रापलीकडे धाड रे म्हाराजा." होय म्हाराजा!

मला मास्कच्या आत हसू फुटलं. निदान झाल्यापासून मी खोलीत शिरले की लोकांचे आवाज खाली येतात. कोणी माझ्यासमोर स्वतःची गुडघेदुखीसुद्धा सांगत नाही. आणि इथे माझा कॅन्सर कोर्टकचेरी आणि थ्रिप्सच्या रांगेत उभा, त्यांच्याइतकाच मोठा, तितक्याच मोठ्या आवाजात बोललेला. मला एकदम हलकं वाटलं. माझ्या वाक्याला मी हळूच होय म्हटलं. थ्रिप्सला मात्र घसा फोडून म्हटलं होतं, कारण आमचीही कलमं आहेत.

स्वारी निघाली. पुढे ढोल-ताशे, मग साड्यांच्या निऱ्या घातलेले तरंग, म्हणजे देवाचे खांब, खांद्यावर घेतलेले मानकरी, अनवाणी, आणि चाल अशी की तरण्या पोरांची दमछाक व्हावी. माझे सांधे सकाळी हार्मोनच्या गोळीने पावसात फुगलेल्या दारासारखे असतात. सुरुवातीला मी मागेच पडले. वाडीवाडीवर बायका देवाच्या वाटेवर पाणी शिंपत होत्या, कोकमाचं सरबत हातात देत होत्या. उन्हं वर आली तसे गुडघे सुटले.

काखेतल्या गाठी काढल्यापासून उजव्या हाताला सूज येते, म्हणून घट्ट बाही घालते. सोबत चालणाऱ्या एका आजींची नजर तिच्यावर होती.

"गो बाय, हाताक काय झाला?"

"क्यान्सर आसा, आजये."

"अगो! मगे चलतंस कशी?"

"पायान."

आजींनी आधी कपाळावर हात मारला, मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना रस्त्याकडेला बसावं लागलं. पुढच्या चार जणींना त्यांनी ते सांगितलं, त्यांनी आणखी पुढे. तारामुंबरीच्या पुलापर्यंत माझं नाव 'पायान चलणारी' पडलं होतं. असं हसणं मी याआधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ऐकलं होतं. उपचारासाठी तिथे राहिलेल्या आम्ही बायका संध्याकाळी एकमेकींच्या टकलांना नावं ठेवायचो. बाहेर मात्र लोक मला फायटर म्हणतात. मी कसली फायटर, गोळी घेते आणि वेळेवर जेवते.

मधल्या चढावाला मी सरळ गाडीत बसले होते. पुण्य कापलं गेलं असेल तर जाऊ दे. पूल मात्र चालत ओलांडला. खाली खाडीत होड्या, अंगावर भणाणता वारा, मागून ढोल. पलीकडे मिठमुंबरीला उतरेपर्यंत येत्या स्कॅनची आठवण एकदाही झाली नव्हती, हे पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं. मग अर्थात आठवण झाली. पण तोवर मी इतकी भुकेली होते की तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

कुणकेश्वरला दर्शनाची रांग बघून मी कळसालाच हात जोडले. दुसऱ्या दिवशी अमावास्येला देव समुद्रात उतरले, तरंगांबरोबर अख्खा गाव पाण्यात. माझ्या हाताला खरचटलेलं परवडत नाही, त्यामुळे मी घोट्यापर्यंतच गेले. एका लाटेला ते काही मान्य नव्हतं. कंबरेपर्यंत भिजवून गेली, आणि 'पायान चलणारी' म्हणून आजी पुन्हा ओरडल्या.

जत्रेत खाजं घेतलं, आल्याचं, गूळ घट्ट बसलेलं. गोळी चालू असताना तोंड येतं, आल्याचा कण जिभेला सोसत नाही. सुट्टीच्या आठवड्यात मात्र सगळं चालतं. नवरा म्हणाला, अर्धा किलो पुरे. मी एक किलो घेतलं. गोळी सोमवारपासून होती.