आमची वाटचाल : बिलबुकापासून वेबसाइटपर्यंत

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ लेटरहेड, बिलबुकं आणि व्हिजिटिंग कार्डांवर सुरू झालेलं आमचं काम आता निम्मं वेबसाइटचं आहे. सवय मात्र छपाईचीच राहिली : मजकूर हातात आल्याशिवाय मशीन लावायचं नाही. काम आम्हाला द्या किंवा दुसऱ्याला, कोटेशन मागण्याआधी एवढं तयार ठेवा.

पानं आधी फुलस्केपवर मांडा. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला पाच पुरतात : होम, कामं, मशिनरी, आमच्याविषयी, संपर्क. मशिनरीचं पान हमखास गाळलं जातं, आणि खरेदी खात्यातला माणूस नेमकं तेच उघडतो. लेथचा बेड किती लांब, व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचं) टेबल केवढं, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) किती मायक्रॉनपर्यंत सांभाळता, हे आकड्यांत लिहा. 'अत्याधुनिक यंत्रसामग्री' लिहून काही कळत नाही. भोसरीची गुरुवारची सुट्टी बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसते, तीही लिहा.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. जुनी माहितीपत्रकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेली. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून मजकूर तसाच चिकटवला की वेबसाइटवर नुसता काला दिसतो. आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत) रूपांतर, मग प्रूफ. रफार आणि जोडाक्षरं त्यात बिघडतात, तिथे डोळ्यांत तेल घालून बघा. लोगोची सीडीआर (कोरलड्रॉची मूळ) फाइल प्रेसकडून मागून घ्या. कार्ड स्कॅन करून काढलेला लोगो फाटतोच. मोबाइलचे चार-पाच एमबीचे फोटो 1600 पिक्सेल रुंदीवर आणून 300 केबीच्या आत बसवा, नाहीतर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर घ्या. मुदत संपत आल्याची सूचना त्याच ईमेलवर येते. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा विचारा. आधीपासून ईमेल चालू असेल तर एमएक्स नोंदी (ईमेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचे ते सांगणाऱ्या) लिहून ठेवा. नेमसर्व्हर (डोमेनच्या या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना त्या राहिल्या की वेबसाइट झकास दिसते आणि चौकशीचे ईमेल येईनासे होतात.

एसएसएलचे (वेबसाइट सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे लावले असतील तर कशाचे ते विचारा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. कोटेशनवर 18 टक्के जीएसटी धरलाय का, दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, बॅकअप कोण घेणार, हेही लेखी घ्या. आणि मजकूर कुठल्या तारखेला देणार, ते तुमच्या सहीनिशी.