बांबरची निरंकाराची राई

गोव्यात रान बघायचं म्हटलं की लोक दूधसागर म्हणतात, फार तर मुलं बरोबर असतील तर बोंडला, तिथे प्राणी पिंजऱ्यात असतात त्यामुळे दिसण्याची गॅरंटी. पूर्वेकडच्या सत्तरी तालुक्याकडे कोण फिरकत नाही. मला विचाराल तर गोव्यातलं सगळ्यात भारी रान सत्तरीतच आहे, आणि त्यातला सगळ्यात अजब तुकडा म्हणजे वाळपईच्या पुढे बांबरला असलेली निरंकाराची राई, म्हणजे निरंकार देवाची देवराई.

आम्ही फोंड्याहून उसगावमार्गे वाळपई गाठली, तिथे भजी-पाव आणि चहा झाला, मग मैत्रिणीच्या ओळखीचे एक काका बरोबर आले. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते, आजूबाजूचं गवत पार पिवळं पडलेलं, आणि राईत चार पावलं आत गेल्यावर पायाखाली चिखल! वरून झाडं इतकी दाट की उन्हाचे नुसते ठिपके खाली पोचतात, आणि मधून स्वच्छ पाणी हळूहळू वाहतंय, त्यात कुजलेली पानं, बारीक मासे, एक खेकडा. काकांनी आधीच बजावलं होतं, "हांगा चपल्यो काडात, आनी पाळांचेर पांय दवरूं नाकात." पाळां म्हणजे मुळं, त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही. ती बघायलाच तर गेलो होतो.

ही झाडं रानजायफळाच्या कुळातली, आणि ज्या मुळांसाठी ही जागा प्रसिद्ध आहे ती जिम्नॅक्रँथेरा कॅनॅरिका नावाच्या झाडाची. (नाव पाठ करायला मला कारमध्ये अर्धा तास लागला.) दलदलीत हवा नसते, मुळांना श्वास घेता येत नाही, म्हणून मूळ चिखलातून वर येतं, वळतं आणि परत चिखलात शिरतं. झाडाच्या बुंध्याभोवती अशी कितीतरी, उकिडवं बसलेल्या माणसांचे गुडघे दिसावेत तशी. मी खाली वाकून एक जवळून पाहिलं, साल खरखरीत, त्यावर बारीक बारीक पुटकुळ्या, हवा तिथूनच आत जाते. खारफुटीची वर आलेली मुळं आपण मांडवीच्या काठाला बघतो, पण ती खाऱ्या पाण्यात, आणि हे समुद्रापासून इतकं आत, गोड्या पाण्यात, म्हणून जास्त नवल वाटतं. या कुळातल्या झाडाच्या सालीला घाव घातला तर लालसर चीक येतो म्हणे, अर्थात राईत तो प्रयोग करायचा कुणी विचारही करणार नाही.

मसाल्यात रामपत्री घालतो ना आपण, ती याच कुळातल्या मिरिस्टिका मलबारिकाच्या बीवरची जाळी. बी मोठी असते, धनेशासारखे पक्षी जाळीच्या लोभाने ती गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. पण ती सुकली की मेली, धान्यासारखी ठेवून पुढच्या वर्षी रुजवता येत नाही. म्हणजे ओल गेली की झाडं तर जाणारच, पण नवीन रोपंही नाहीत.

आणि ओल जाते कशाने? तर आपल्याच कुळागरांनी, म्हणजे सुपारीच्या बागांनी. दरीतली सपाट जागा, बारा महिने वाहणारा व्हाळ, वर सावली, सुपारी लावणाऱ्याला हेच पाहिजे आणि या झाडांनाही नेमकं हेच पाहिजे. सह्याद्रीत अशा जागा होत्याच थोड्या, त्यातल्या कित्येक भातशेतीत नाहीतर बागायतीत गेल्या. मी कुळागरांना नावं ठेवत नाहीये, आमच्या घरची विड्याची पानं न् सुपारी तिथूनच येते. पण ही एवढी सोन्यासारखी जमीन कुणी का घेतली नाही, तर ती देवाची होती म्हणून. शाळा-कॉलेजातलं बॉटनी इथे पोचायच्या कितीतरी आधी गावाने ठरवून टाकलं होतं की इथली फांदी तोडायची नाही. सत्तरीतलं म्हादई अभयारण्य झालं ते 1999 ला, त्याच्या आधीपासून राई टिकलीय ती अशी. पलीकडे दोडामार्गच्या बांबर्डेलाही अशीच मिरिस्टिकाची दलदल आहे, तीसुद्धा देवराईच.

आता मात्र नुसत्या देवावर भागेल असं मला वाटत नाही. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या होत्या, हेलिकॉप्टरने पाणी मारावं लागलं, आठवत असेल. देवाच्या धाकाने कोयता थांबतो, वरच्या डोंगरावर झरा आटला तर धाक कुणाला घालणार? काकांचंही हेच म्हणणं, पाणी वरून येतं तर वरचं रान राखा.

आमच्या मागून एक ग्रुप आला, त्यातल्या एकाने विचारलं "व्ह्यू पॉइंट किधर है?" काका फक्त हसले.

जाणार असाल तर पावसाळ्यात नको, जळवा सोडत नाहीत, आणि गावातलं कुणीतरी बरोबर घ्याच. स्पीकर घरी ठेवा. जवळच ब्रह्मकरमळीला ब्रह्मदेवाचं देऊळ आहे, पोर्तुगीजांच्या काळात तिसवाडीतल्या करमळीहून ही मूर्ती इकडे आणली, तेही बघून या, एका दिवसात दोन्ही आरामात होतं. जेवण मात्र वाळपईलाच उरकून घ्या, पुढे काही मिळेल या भरवशावर राहू नका.