आजीचं बोट अखेर जमलं! (यान स्टेन कॉपी, पुढचा अपडेट)

मंडळी, जमलं एकदाचं! सतराव्या शतकातला डच चित्रकार यान स्टेन, त्याच्या 'सेंट निकोलसचा सण' या चित्राची मी तैलरंगात नक्कल करतोय. मागच्या वेळी अंडरपेंटिंग, म्हणजे रंगाचा खालचा पहिला थर, दाखवला होता ना, त्यानंतरचे तीन आठवडे चित्रातल्या आजीच्या एका बोटावर गेलेत.

या सणाला मुलांना बुटात खाऊ मिळतो. चित्रात डावीकडचा पोरगा रडतोय, त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघालीय, भावंडं हसतायत, धाकटीने बाहुली कवटाळलीय आणि मागे अंधारात आजी पडदा सारून त्याला बोटाने ये ये करतेय. अख्ख्या घरात त्याला जवळ बोलावणारी ती एकटीच, ते बोट दिसलं नाही तर सणाची, 5 डिसेंबरची ती संध्याकाळ त्या पोरासाठी किती वाईट वाटते!

मूळ चित्र 82 बाय 70.5 सेंमी, माझं त्याच्या निम्मं, म्हणजे बोट तांदळाच्या दाण्याएवढं. उजळ केलं की आजी थेट पुढे उडी मारायची, गडद केलं की पडद्यात गडप. चार वेळा पुसलं. मूळ चित्र जिथे आहे त्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची मोठी फाइल झूम करकरून रंग जुळवला, तो पॅलेटवर बरोब्बर आणि कॅनव्हासवर चूक!

परवा सकाळी खिडकीच्या उजेडात कॅनव्हास तिरका धरला तेव्हा दिसलं, बोट ठीकच होतं, पडदाच सिंक झाला होता. पडद्याचा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, सगळं तेल खाली सोडून मॅट, राखाडी पडलेला आणि मी त्या खोट्या काळोखाशी बोट जुळवत बसलेलो. थर वाळलेला होता म्हणून ऑइलिंग आउट केलं, जवसाचं तेल अगदी पुसट चोळलं, सुती फडक्याने टिपून घेतलं आणि पडदा क्षणात खोल गेला. मग झिरो नंबरच्या ब्रशने ऑकरमध्ये (मातकट पिवळा) किंचित पांढरा, दोनच टच. आजी आली! मी पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो.

रेडिमेड स्वस्त कॅनव्हास घेऊ नका, त्यावरचा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) टीपकागदासारखा तेल पितो. पुढचा मी स्वतः प्राइम करणार, लिननच.

आता उजवीकडचा डाउवेकाटर, तो सणाचा लांबुडका मोठा पाव, घेणार होतो. पण हे लिहितालिहिता वाटतंय की धुराड्याकडे बोट दाखवणारा तो बाळाला घेतलेला पोरगा आधी करावा, त्याच्यामागचा अंधारही तसाच सिंक झालेला असणार. आत्ताच दिवा तिरका धरून बघतो.