क्रोमलाऊचा राकोट्स पूल: पाहण्यासाठीच बांधलेला

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंडच्या सीमेजवळ असलेल्या क्रोमलाऊ गावी फ्रीडरिश हेर्मान रोट्श्के या जमीनदाराने १८४४ पासून एक विस्तीर्ण उद्यान उभारले आणि १८६० च्या दशकात त्यातील तळ्यावर राकोट्स पुलाचे काम सुरू केले. पलीकडे जाण्याची सोय हा या पुलाचा हेतू कधीच नव्हता. त्याची अर्धवर्तुळाकार कमान आणि पाण्यातील तिचे प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ दिसावे, एवढ्यासाठीच तो बांधला गेला. दोन्ही टोकांना बेसाल्टचे अणकुचीदार स्तंभ उभे केले असून, ते दुरून आणवलेले आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्या मराठी माणसाला ही स्तंभाकार घडण लगेच ओळखीची वाटेल. मात्र तेथे निसर्गाने जागच्या जागी घडवले, ते येथे माणसाने हौसेखातर रचले आहे.

पुलावर चढण्यास सक्त मनाई आहे. अलीकडेच मोठ्या खर्चाने त्याची दुरुस्ती झाली असल्याने हा नियम मला योग्यच वाटतो, शिवाय पुलावर उभे राहणाऱ्याला वर्तुळ दिसतही नाही. त्यासाठी तळ्याच्या काठाने चालत कमानीच्या बरोबर समोर यावे लागते. वाऱ्याची झुळूक आली तरी प्रतिबिंब मोडते, म्हणून सकाळी लवकर पोहोचणे उत्तम. तळ्यातील पाण्याची पातळी कधीकधी उतरलेली असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. मे महिन्याच्या उत्तरार्धात ऱ्होडोडेंड्रॉनचा बहर असतो. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बदलतात, पण छायाचित्रकारांची गर्दीही तेव्हाच उसळते.

बर्लिनहून रेल्वेने कॉटबुसमार्गे व्हाइसवासर गाठावे. तेथून हंगामात, प्रामुख्याने शनिवारी व रविवारी, अरुंद रुळांवरची वनरेल्वे थेट क्रोमलाऊला येते. इतर दिवशी सायकल किंवा मोटार बरी. वाहनतळाला शुल्क असल्याने सुटी नाणी जवळ ठेवावीत. खाण्याचे पदार्थ व्हाइसवासरलाच घ्यावेत, कारण गाव फारच लहान आहे.

बरेच जण पुलाचे छायाचित्र काढून लगेच परततात. उद्यानातील कृत्रिम गुहा आणि बेसाल्टच्या इतर रचनाही निवांत पाहाव्यात. नायसे नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेले मुस्काऊ उद्यान जवळच आहे, परंतु दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा अट्टाहास करू नये. व्हाइसवासरला मुक्काम करून मुस्काऊसाठी दुसरा दिवस राखून ठेवावा.