हिला ताप

परवा दुपारी रद्दी काढताना कुठल्याशा औषध कंपनीची जुनी डायरी हाताला लागली, रेक्झिनचं कव्हर, दहा जानेवारीपर्यंत निळ्या शाईत सगळं टापटीप आणि मग थेट ऑगस्टमध्ये गॅसवाल्याचा नंबर. घरोघरी हेच. आमच्या आजोबांची डायरी मात्र शेवटपर्यंत भरलेली असायची. जेवण झालं की कॉटवर बसून चष्मा लावायचा आणि दोन ओळी लिहायच्या. "पाऊस बरा. दूध पाव लिटर कमी घेतले." आम्ही पोरं चोरून वाचायचो. आजी तिथेच खाली लसूण सोलत बसलेली असायची, पण अख्ख्या वर्षात तिचा उल्लेख सापडला तो एकदाच, "हिला ताप."

तेव्हापासून कुणाचीही डायरी म्हटली की मी आधी बायको शोधतो.

आता जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स घ्या. अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष, पण ती चार वर्षं रडतखडतच गेली, खरा गडी वकिलातीतला. हॉलंड, प्रशिया, रशिया, १८१४ ला आजच्या बेल्जियममधल्या घेंटमध्ये इंग्रजांशी तह, मग लंडन. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर माणूस घरी बसेल की नाही, तर हा साधा खासदार म्हणून परत आला आणि गुलामगिरीविरुद्ध भांडत राहिला, १८४८ मध्ये सभागृहातच कोसळला आणि दोन दिवसांनी तिथेच, संसदेच्या इमारतीत गेला. आणि डायरी! १७७९ मध्ये बाराव्या वर्षी सुरू केली ती मरेपर्यंत, ५१ खंड, जवळजवळ १५,००० पानं. बायबल वाचलं, पोटोमॅक नदीत पोहलो, अमुक भेटले, सगळं त्यात. १८४६ मध्ये अर्धांगाचा झटका आला तर पुढच्या नोंदींना याने मथळा काय द्यावा, मरणोत्तर आठवणी! हात थरथरतोय पण लिहिणं सुटत नाही.

घरचं मात्र वेगळंच. १८०९ मध्ये रशियाला नेमणूक झाली तेव्हा जॉर्ज आणि जॉन ही मोठी दोन मुलं अमेरिकेतच ठेवायची हे परस्पर ठरलं, लुईसाला, म्हणजे त्यांच्या आईला, कुणी विचारलंच नाही. सहा वर्षं तिला ती दिसली नाहीत. पीटर्सबर्गला मुलगी झाली, वर्षभराची होऊन गेली. १८१५ मध्ये नवरा पुढे गेलेला, तर ही बाई सात वर्षांच्या धाकट्या चार्ल्सला घेऊन ऐन थंडीत घोडागाडीतून पॅरिसला निघाली, चाळीस दिवस, आणि वाटेत गाडी रशियन बघून नेपोलियनचे सैनिक अंगावर आले तेव्हा फर्डं फ्रेंच बोलून सुटली. नवऱ्याचे तह सगळ्यांना पाठ, हे कुणाला माहीत असतं?

बाप म्हणून तर विचारू नका. कॉलेजात नंबर वर आल्याशिवाय सुट्टीत घरी येऊ नकोस असं पोराला कळवणारा. (असे बाप आपल्याकडेही ढिगाने आहेत म्हणा.) त्यातला जॉन १८२३ ला दंगा केला म्हणून हार्वर्डमधून हाकलला गेला. जॉर्ज १८२९ मध्ये बोटीवरून पाण्यात पडून गेला, आणि पाच वर्षांनी जॉनही. उरला चार्ल्स, तो पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लंडनला राजदूत होता आणि म्हातारपणी वडिलांची डायरी त्यानेच १२ खंडांत छापली. छापताना घरगुती मजकूर बराचसा गाळला. मोठ्या माणसाच्या डायरीत ताप कशाला!

लुईसाने व्हाइट हाऊसमध्ये रेशमाचे किडे पाळले होते, हे आपलं उगाच आठवलं. १८४० मध्ये तिने स्वतःबद्दल लिहायला घेतलं आणि नाव दिलं 'कुणीच नसलेलीचे पराक्रम'. सासरा राष्ट्राध्यक्ष, नवरा राष्ट्राध्यक्ष, आणि ही कुणीच नाही. १८५२ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीसाठी अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी कामकाज बंद ठेवलं, एका बाईसाठी असं पहिल्यांदाच. चांगलंच केलं. पण त्यापेक्षा रशियाला निघताना कुणी एकदा तिला विचारलं असतं तर.