काका ओरडत नव्हते

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते लिहायचं लिहायचं म्हणून राहूनच जात होतं, आज धो धो पाऊस आहे आणि तरी लाइट आहे, तर लिहूनच टाकते.

आमची वाडी देवगडजवळची. ग्रुपवर निम्मे गाववाले, निम्मे चाकरमानी. त्या दिवशी काकांनी देवळाच्या मीटिंगचा मेसेज टाकला. माझे सख्खे नव्हेत, पण अख्खी वाडी त्यांना काकाच म्हणते, वय ऐंशीच्या आसपास. मेसेज मराठीच पण इंग्रजी अक्षरात, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सगळा कॅपिटलमध्ये. रविवारी दहा वाजता देवळात या, हिशोब आहे, ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी घेऊन या. बस एवढंच. पण तेच कॅपिटलमध्ये वाचलं की कोणीतरी वसुलीला दारात येऊन उभं राहिलंय असं वाटतं, हे मला पण वाटलं, खोटं कशाला बोलू. ठाण्याच्या एका मुलाने लगेच लिहिलं, काका ओरडू नका, आम्ही बहिरे नाही. खाली चौघांनी हसायचे इमोजी टाकले. दहा मिनिटांनी ती बारीक ओळ आली, काका ग्रुपमधून बाहेर पडले.

मी ॲडमिन आहे. ग्रुपवर काही लिहिलं नाही, संध्याकाळी सरळ त्यांच्या घरी गेले. पडवीत आंब्याची आढी लावलेली होती आणि काका बाजूला खुर्चीत. मी विषय काढायच्या आधीच म्हणाले, "अगो चेडवा, मी कोणार ओरडलंय? बारीक अक्षर माका दिसणा नाय." आणि मोबाईल हातात घेऊन दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल हातभर लांब धरला, आणि त्या वर तोंड केलेल्या बाणावर दोनदा टकटक केलं. कीबोर्डवरची सगळी अक्षरं एकदम मोठी झाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की काकांना पाठवायची अक्षरं मोठी नको होती, बोटाखालची अक्षरं मोठी हवी होती! एका डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन पावसानंतर करू म्हणून ठेवलेलं, आणि आम्ही त्यांना सांगतोय की ओरडू नका.

दुसरी गोष्ट अशी की काकांची नोकरी मुंबईत तार ऑफिसात झाली. तारेत कॅपिटल आणि स्मॉल असा प्रकारच नव्हता. तार पाठवायच्या मोर्स कोडच्या कट्ट-कडकट्टमध्ये लहान-मोठं अक्षर नसतंच, आणि नंतर टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणारी मशिनं आली, त्यांचं पण तेच, पट्टीवर एका अक्षराला पाच भोकांची जागा, भोक आहे किंवा नाही अशा जुळण्या होतात फक्त ३२, त्यात सव्वीस इंग्रजी अक्षरं एकदाच कशीबशी बसतात, दोन-दोन संच कुठून बसवणार? मग सगळंच मोठ्या अक्षरात. कॉम्प्युटरची सुरुवात पण तशीच, प्रत्येक अक्षराला नंबर देणारा १९६३ चा पहिला आस्की कोड आला त्यात स्मॉल अक्षरं नव्हती, ती १९६७ साली आली. मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली ही तार आली की कॅपिटलमध्ये आहे म्हणून कोणी रागावत नव्हतं, घरात रडारड व्हायची आणि पिशवी भरून माणूस एसटी पकडायचा. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तार बंद झाली तेव्हा काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हाताची सवय अशी तार बंद झाली म्हणून जाते थोडीच. वर आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर लिहिलेलं, ब्लॉक लेटर्समध्ये भरा. तिथे ते शिस्तीचं लक्षण, इथे उद्धटपणाचं.

आता कॅपिटल म्हणजे ओरडणं, हा नियम चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही हं. नियम बरोबर आहे आणि जुना आहे. आरएफसी १८५५ नावाचा एक कागद आहे, ऑक्टोबर १९९५ चा, इंटरनेटवर वागायचं कसं याचा, त्यात स्वच्छ लिहिलंय की सगळी अक्षरं कॅपिटल टाकली तर ओरडल्यासारखं दिसतं. आणि वाचायला त्रास होतो तो वेगळाच. स्मॉल अक्षरात काही वर जातात, काही खाली लोंबतात, त्यामुळे शब्दाला आकार येतो. कॅपिटलमध्ये सगळं एका उंचीचं, चिऱ्याच्या गडग्यासारखं, नजर कुठे टेकवायची कळत नाही. मराठीची तर अजूनच वाट लागते. जुन्या बरहासारख्या, इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायच्या टायपिंगमध्ये स्मॉल एन म्हणजे न आणि कॅपिटल एन म्हणजे ण, ळ साठी कॅपिटल एल, त आणि ट तसेच, तिथे सगळंच कॅपिटल केलं तर वाताचा वाटा व्हायला वेळ लागत नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. सगळेच सतत ओरडत असतील तर खरं ओरडायचं असेल तेव्हा करायचं काय? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे लाइट गेलेली, रेंज येत-जात होती, आणि ग्रुपवर फॉरवर्डचा पूर, सगळे कॅपिटलमध्ये, सगळ्यांना लाल उद्गारचिन्हं, त्यातले निम्मे दुसऱ्याच कुठल्यातरी वादळाचे. त्या गर्दीत वाडीतल्या एका पोराने साध्या अक्षरात टाकलं होतं की पाणंदीत विजेची तार तुटून पडली आहे, तिकडून जाऊ नका. माझ्या फोनला रेंज आली तेव्हा तो मेसेज दोन तास जुना होता आणि चाळीस मेसेजच्या खाली होता. मधल्या वेळात माझी आई त्याच पाणंदीतून गोठ्यात जाऊन आली होती. सप्लाय आधीच बंद केलेला होता म्हणून निभावलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

नंतर कुठेतरी वाचलं की अमेरिकेच्या हवामान खात्याचे अंदाज टेलिप्रिंटरच्या काळापासून सगळे कॅपिटलमध्येच जायचे, ११ मे २०१६ पासून त्यांनी ते बंद करून साधी लहान-मोठी अक्षरं सुरू केली, पण एक वाट मोकळी ठेवली, की खूपच मोठा धोका असेल तर इशाऱ्यात कॅपिटल वापरता येईल. मला हे इतकं पटलं! समुद्राकाठी राहणाऱ्याला तर हे लगेच कळेल, बंदरावर धोक्याचा बावटा रोजच लावून ठेवला तर होडी कोण थांबवणार.

तर मी काय केलं. काकांच्या फोनचे फॉन्ट मोठे केले, कीबोर्डची उंची वाढवली आणि मराठी कीबोर्ड सुरू करून दिला. देवनागरीत कॅपिटल नाहीच, भांडणच मिटलं. ठाण्याच्या मुलाला फोन केला, ग्रुपवर नाही, फोन. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो गप्पच झाला, मग त्याने स्वतःहून काकांना फोन केला आणि दोघं अर्धा तास तारेवरच बोलत होते म्हणे. कोणाला टायपिंगवरून सांगायचं असेल तर असं एकट्याला सांगा, कृपा करून. चारचौघात सांगितलं की ते सुद्धा ओरडणंच होतं, कितीही बारीक अक्षरात लिहिलं तरी. ग्रुपवर मी फक्त एवढं टाकलं की कॅपिटल फक्त जिवाशी गाठ असेल तेव्हा, वीज, पाणी, समुद्र, साप, दवाखाना. वर्गणी त्यात येत नाही.

काका आता परत ग्रुपवर आहेत आणि अस्सल मालवणीत लिहितात. देवनागरीत ओरडायचं झालं तर आपल्याकडे अवग्रह आहे, अरेऽऽऽ मधला, पण तो कीबोर्डवर पटकन सापडत नाही म्हणून कितीतरी जण तिथे इंग्रजी कॅपिटल एस टाकतात, काकांनी पण ते कोणाचं तरी बघून उचललंय. परवा गणपतीची तिकिटं मिळाली का म्हणून चाकरमान्यांची चौकशी चालली होती, त्याच्याखाली त्यांचा एकच शब्द, येवा, आणि त्याच्यापुढे पाच कॅपिटल एस. ठाण्याच्या मुलाने पहिलं उत्तर दिलं, येतो काका, दोन तिकिटं कन्फर्म.