तुम्ही विचारलंत म्हणून: उत्खननाचे अहवाल फुकट कुठे वाचायचे?

“खोदकाम सरकारी पैशातून होतं, मग त्यावरचा लेख वाचायला आम्ही पुन्हा पैसे का भरायचे?” बडोद्यात पुरातत्त्वाचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. विचारणारे कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी रविवारी वावा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि जुनी देवळं पालथी घालणारी तरुण मंडळी. प्रश्नातला राग रास्त आहे, पण तो थोडा चुकीच्या दारावर काढला जातो. आपल्याकडच्या उत्खननांपुरतं बोलायचं तर पैशाच्या कुलपाआड असलेला भाग वाटतो त्याहून बराच लहान आहे. उरलेल्यातलं बरंचसं फुकट पडून आहे आणि नीट शोधता न आल्यामुळे सापडत नाही. आणि काही तर अजून लिहिलंच गेलेलं नाही. या तिसऱ्या प्रकाराबद्दल कुणी रागावत नाही, याचं मला नवल वाटतं.

उत्खननाचा कागद टप्प्याटप्प्याने तयार होतो. आधी खड्ड्यावरची रोजची नोंदवही, वस्तूंचं रजिस्टर आणि थरांची रेखाचित्रं. मग वार्षिक आढाव्यात अर्ध्या-एक पानाची नोंद. पुढे नियतकालिकातले लेख, एखाद्या विद्यार्थ्याचा पीएचडीचा प्रबंध, आणि सगळ्यात शेवटी संपूर्ण अहवाल. लोथल या हडप्पाकालीन स्थळाचं उदाहरण घ्या. एस. आर. राव यांचं उत्खनन १९५५ ते १९६२ चाललं. अहवालाचा पहिला खंड १९७९ साली आला, दुसरा १९८५ साली. तरी लोथल नशीबवान, कारण अहवाल आला. कितीतरी स्थळं वार्षिक आढाव्यातल्या त्या अर्ध्या पानापुढे सरकलेलीच नाहीत.

हा अहवाल इतका महत्त्वाचा का, ते देवनीमोरीवरून कळतं. शामळाजीजवळचं हे बौद्ध स्थळ आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या र. ना. मेहता आणि सू. ना. चौधरी यांनी १९६०नंतरच्या काही मोसमांत खणलं. स्तूप, विहार, मातीच्या बुद्धमूर्ती आणि कोरीव लेख असलेला अस्थिकरंडक मिळाला. नंतर मेश्वो नदीवरच्या धरणाच्या पाण्यात ती जागा बुडाली. आता कुणाला स्तूपाच्या विटांचा एखादा तपशील तपासायचा असेल तर १९६६ सालचा अहवाल उघडणं एवढाच मार्ग आहे. जे स्थळ बुडालेलं नाही तिथेही फार वेगळी परिस्थिती नसते. खणलेला थर परत रचता येत नाही.

आता शोधायचं कसं ते सांगतो. सुरुवात ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’पासून करा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा वार्षिक आढावा १९५३-५४पासून निघतो आणि त्याचे खंड सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट आहेत. त्याआधीचं हवं असेल तर १९०२-०३पासूनचे वार्षिक अहवाल आणि १९४६पासूनचं ‘एन्शंट इंडिया’ बघा. इंटरनेट आर्काइव्हवर यांतलं बहुतेक मिळतं. शिलालेखांसाठी ‘एपिग्राफिया इंडिका’.

इथे लोक हमखास अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं : आजचा पत्ता घेऊन कालच्या कागदात शिरणं. १ मे १९६०पूर्वीच्या नोंदींत गुजरातमधलं स्थळ ‘गुजरात’खाली शोधू नका, ते ‘बॉम्बे’खाली असतं. १९५६पूर्वी काठियावाडातलं स्थळ ‘सौराष्ट्र’खाली आणि महेश्वर ‘मध्य भारत’खाली. जिल्हेही तुटले आहेत. देवनीमोरी आज अरवल्ली जिल्ह्यात आहे, जुन्या कागदात साबरकांठ्यात. शहराचं नाव वडोदरा असं घालून शोधलंत तर जुनं काहीच येणार नाही, ‘बरोडा’ घालावं लागतं. देवनीमोरी आणि नवडाटोली (महेश्वरसमोरचं, नर्मदेपलीकडचं स्थळ) ही नावं रोमन लिपीत कुठे जोडून, कुठे तोडून लिहिली आहेत, तेव्हा दोन्ही रूपं घाला. शिवाय खंडावरचं वर्ष हे कामाच्या मोसमाचं असतं, छपाईचं नव्हे. नंतरचे खंड कित्येक वर्षं उशिरा छापले गेले, म्हणून ग्रंथालयाच्या यादीत छपाईचं साल बघून शोधलंत तर चुकाल.

एवढं करूनही पीडीएफमध्ये शब्द शोधल्यावर काहीच आलं नाही, तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे असं समजा. टेसरॅक्टसारखी अक्षर ओळखणारी मोफत प्रणाली चालवली तर इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी हाती लागतो. मात्र स्वरांवर रेषा-टिंबं दिलेली नावं ती हटकून बिघडवते. त्यापेक्षा शेवटची सूची डोळ्यांनी वाचणं लवकर होतं.

नोंद सापडली की तारखा वाचताना सावध राहा. साठच्या दशकापासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कार्बन-१४ तारखा (जुन्या कोळशासारख्या वस्तूत उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढलेलं वय) काढायला सुरुवात केली आणि त्या या आढाव्यात छापल्या गेल्या. अर्धायुष्य (तो कार्बन निम्मा व्हायला लागणारा काळ) ५५६८ वर्षं धरून एक आकडा आणि ५७३० धरून दुसरा, असे दोन्ही आकडे तिथे दिसतात. या कच्च्या तारखा आहेत, १९५०पासून मागे मोजलेल्या. वातावरणातलं कार्बन-१४चं प्रमाण काळानुसार बदलत आलं असल्यामुळे त्या वय माहीत असलेल्या नमुन्यांवरून आखलेल्या आजच्या वक्ररेषेवर बसवून घ्याव्या लागतात, आणि ती वक्ररेषा ५५६८चा आकडा मागते. तुमच्याकडे फक्त ५७३०चा असेल तर त्याला १.०३ने भागा : ३५०० असेल तर सुमारे ३४००. मग ऑक्सकॅल किंवा कॅलिबसारख्या फुकट प्रणालीत तो आकडा आणि पुढची ± ची संख्या (मोजणीतल्या चुकीची मर्यादा) घाला. ३४०० मधून १९५० वजा करून कुणी ‘इ. स. पू. १४५०’ लिहितो, बसवून घेतल्यावर तीच तारीख इ. स. पू. १७००च्या आसपास जाते. दोन-अडीचशे वर्षांचा फरक! माळव्याच्या ताम्रपाषाणयुगाबद्दल जुन्या आणि नव्या पुस्तकांत तारखा जुळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. जुना अहवाल कुणासाठीही उघडा असण्याचा खरा फायदा हा, की छापलेल्या निष्कर्षावर न थांबता घरी बसून आकडा नव्याने काढता येतो.

खापरांच्या चित्रांचंही असंच. चित्राखाली ‘एक चतुर्थांश’ असं प्रमाण छापलेलं असतं. पण ते छापील पानापुरतं खरं असतं. स्कॅन करताना, पडद्यावर बघताना आणि पुन्हा छापताना आकार बदलतो आणि ते प्रमाण खोटं ठरतं. चित्रात काढलेली मोजपट्टी असेल तरच तिच्यावरून भांड्याच्या काठाचा व्यास मोजा. तुम्ही स्वतः एखादं दुर्मीळ पुस्तक स्कॅन करणार असाल तर मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, रेखाचित्रांना ६०० ठेवा आणि घडीचे नकाशे पूर्ण उलगडूनच घ्या. नेटवरच्या कितीतरी प्रतींत ते घडी घातलेलेच स्कॅन झालेत. सगळं पुस्तक आहे आणि थरांचा मुख्य छेद तेवढा नाही, हे फार चिडवणारं असतं.

पण स्कॅन करून चढवायचा अधिकार आहे का? सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क छापल्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं टिकतो. १९५४ साली छापलेला सरकारी खंड २०१४ अखेर मुक्त झाला. व्यक्तीच्या नावावरच्या ग्रंथाला मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजायची, आणि लेखक अनेक असतील तर सर्वांत शेवटी गेलेल्याची. डभोईच्या वास्तूंवरचा बर्जेस आणि कझिन्स यांचा १८८८ सालचा ग्रंथ त्यामुळे बिनधास्त वापरा. पण सांकलिया, सुब्बाराव आणि देव यांचा महेश्वर-नवडाटोलीचा १९५८ सालचा अहवाल डेक्कन कॉलेज आणि आपलं विद्यापीठ यांनी काढलेला, तो सरकारी प्रकाशनात मोडत नाही. सांकलिया १९८९ साली गेले, म्हणजे २०४९ संपेपर्यंत तरी थांबायला हवं. जुनं दिसतं म्हणून मुक्त, असं नसतं.

नव्या लेखांचं गणित वेगळं. लेखावर डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो घेऊन ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे जोडसाधन लावलं की कायदेशीर फुकट प्रत कुठे असल्यास हिरवं कुलूप दिसतं. बहुधा ती लेखकाने विद्यापीठाच्या साठ्यात ठेवलेली, स्वीकारलेली पण अंतिम मांडणीआधीची प्रत असते. मजकूर तोच, पान क्रमांक वेगळे. म्हणून संदर्भ देताना त्या प्रतीचे पान क्रमांक देऊ नका. ‘एन्शंट एशिया’ आणि केरळ विद्यापीठाचं ‘हेरिटेज’ ही नियतकालिकं मुळातच सर्वांना खुली आहेत. प्रबंधांसाठी शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा फुकट साठा. तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फाइलींत असतो. खापरांची कोष्टकं शेवटच्या परिशिष्टात असतात, तेव्हा पहिली दोन प्रकरणं वाचून सोडून देऊ नका.

खुल्या लेखावर दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा (लेख कसा वापरता येईल ते सांगणारा) परवाना नीट वाचा, विशेषतः मराठीत काही करायचं असेल तर. नुसतं ‘बीवाय’ असेल तर नाव देऊन भाषांतरही करता येतं. पुढे ‘एनडी’ असेल तर वाचा, वाटा, पण भाषांतर छापायला परवानगी लागते. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको. जाहिराती घेऊन विकल्या जाणाऱ्या दिवाळी अंकात असा लेख घालण्याआधी विचारून घ्यावं.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नियतकालिकांची वर्गणी सरकारने भरण्याच्या योजनेमुळे आता सगळं मिळतं, असंही ऐकू येतं. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांपुरती. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला लेख उघडतो. रावपुऱ्यात राहणाऱ्या निवृत्त मास्तरांना उघडत नाही. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून सर्वांसाठी मोफत ग्रंथालयं उभारली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या, तिथे तरी ही मर्यादा खटकायला हवी. सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका संगणकावर ही सोय दिली तरी पुष्कळ काम होईल.

तोवर एक उपाय बहुधा चालतो : लेखकाला पत्र. पहिल्या पानावर पत्रव्यवहाराचा पत्ता असतोच. लेखाचं नाव, डीओआय आणि तुम्हाला तो कशासाठी हवा, एवढं चार ओळींत लिहा. पहिल्याच पत्रात सगळी मूळ आकडेवारी मागू नका. आधी लेख वाचा, मग नेमकं कोष्टक मागा.

एक गोष्ट मात्र मागूनही मिळणार नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे : न खणलेल्या स्थळाचे अचूक अक्षांश-रेखांश. ते जाहीर झाले की मणी आणि नाणी शोधणारे कुदळ घेऊन पोचतात. अंश दोन दशांश स्थळांपर्यंत दिले तर जागा साधारण एक किलोमीटरच्या आत कळते. नकाशावरच्या अभ्यासाला तेवढं पुरतं, खणणाऱ्याला पुरत नाही. तुम्हाला शेतात खापरं दिसली आणि त्यांचा फोटो नेटवर टाकायचा असेल, तर आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करा. जागेची पूर्ण माहिती विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा.